पाटाचें पाणी व मंडळीचा धर्म

(उपदेशक व मंडळीचे वडील ह्यांनीं आठवड्याच्या सभेंत शिकविण्यासाठीं पाठ)

वाचावयाचे शास्त्रभाग : स्तोत्र १, नहेम्या ३.१-५ व २७; यहेज्केल ३४.१७-२२, १ करिंथ १२.१४-२७.



ज्या देशांत पाऊस चार महिने पडतो व उरलेले आठ महिने आभाळ कोरडें असतें, त्या देशांत कोणाच्या शेतास पाणी केव्हां व किती मिळावें हा केवळ शेतकीचा प्रश्न नव्हे. तो न्यायाचा व शेजारधर्माचा प्रश्न आहे. आपल्या खेड्यांतील किती भाऊबंदकी बांधावरून व पाण्याच्या पाळीवरून माजली, हें उपदेशकांस सांगावयास नको. म्हणून आजच्या पाठांत आपण पाटाकडे पाहूं. आपल्या देशांतील शेतकऱ्यांनीं गांवोगांवीं मिळून पाण्याची जी व्यवस्था बांधिली, तिच्यापासून ख्रिस्ती मंडळीनें काय शिकावें, आणि कोणत्या गोष्टींत मंडळीनें तिच्याही पुढें गेलें पाहिजे, ह्याचा विचार करूं.

१. शास्त्रांतील पाट

पहिल्या स्तोत्रांत नीतिमान मनुष्यास पाण्याजवळ लाविलेल्या झाडाची उपमा दिली आहे. तें वाचतांना नदीकांठीं आपोआप उगवलेलें झाड आपल्या डोळ्यांपुढें येतें. परंतु तेथें जो इब्री शब्द आहे, त्याच्या धातूचा अर्थ विभागणें असा आहे. म्हणजे वांटून, वळवून नेलेलें पाणी; आपण ज्यास पाट म्हणतों तें. शिवाय तें झाड उगवलेलें नाहीं, लाविलेलें आहे. कोणीतरी पाट खणला, कोणीतरी रोप आणून लाविलें, म्हणून त्यास फळ आलें. नीतिसूत्रें २१.१ येथेंही हाच शब्द आहे. राजाचें मन देवाच्या हातीं कसें असतें हें तेथें सांगितलें आहे. ज्यानें हातांत फावडें घेऊन मातीचा बांध फोडला व एका सरींतील पाणी दुसऱ्या सरींत वळविलें आहे, त्यास त्या वचनाची फोड करून सांगण्याची गरज नाहीं.

यहूदाचा राजा हिज्कीया ह्यानें गीहोन झऱ्याचें पाणी यरुशलेम नगरांत आणिलें, असें २ इतिहास ३२.३० येथें आहे. तो डोंगरांतून खोदलेला बोगदा अद्याप आहे. त्याची लांबी सुमारें ५३३ मीटर असून १८८० सालीं त्याच्या भिंतीवर एक जुना इब्री लेख सांपडला. दोहों बाजूंनीं खणीत येणाऱ्या कामकऱ्यांच्या दोन टोळ्यांनीं एकमेकांचा आवाज ऐकिला व शेवटीं त्या मध्यें मिळाल्या, असें त्यांत लिहिलें आहे. त्या लेखांत राजाचें नांव नाहीं. कामकऱ्यांची हकीकत आहे. पाणी आणण्याचें काम एकट्यादुकट्याचें नव्हे, हें तेव्हांही खरें होतें.

२. खानदेशांतील बंधारे

आतां आपल्या देशाकडे वळूं. धुळें जिल्ह्यांत पांझरा नदीच्या कांठीं, आणि नाशिक जिल्ह्याच्या बागलाण व मालेगांव ह्या भागांत मोसम, आरम व गिरणा ह्या नद्यांच्या कांठीं फडपद्धति म्हणून पाण्याची एक प्रसिद्ध रीति आहे. ह्या सर्व नद्यांचें पाणी शेवटीं तापीस मिळतें. ही रीति सुमारें तीनशें ते चारशें वर्षांची जुनी मानितात.

नदीच्या पात्रांत दगडचुन्याचा ठेंगणा बंधारा घातलेला असतो. बंधारा म्हणजे धरण नव्हे. धरण पाणी कोंडून ठेवितें. बंधारा वाहतें पाणी थोडें उंच चढवून बाजूच्या पाटांत वळवितो, आणि उरलेलें पाणी त्याच्या माथ्यावरून खालच्या गांवास जातें. कांहीं पाट दोनतीन किलोमीटर तर कांहीं दहाबारा किलोमीटर लांब आहेत. मुख्य पाटांतून चाऱ्या फुटतात, आणि चाऱ्यांतून पाणी शेतांच्या सऱ्यांत उतरतें. पाटास पाणी अधिक झालें तर तें नदींत परत सोडण्यासाठीं मधून मधून वाटा ठेविलेल्या असतात.

एकाच नदीवर एकाखालीं एक असे अनेक बंधारे असतात. वरच्या गांवच्या शेतांत मुरलेलें पाणी झिरपून पुन्हां नदींत येतें व खालच्या बंधाऱ्यास मिळतें. म्हणून वरच्या गांवानें पाणी घेतलें एवढ्यानें खालचा गांव मरत नाहीं; मात्र वरच्या गांवानें हांव धरली तर मरतो.

३. फड म्हणजे काय

पाटाखालीं भिजणाऱ्या सर्व जमिनीचे तीन किंवा चार मोठे भाग केलेले असतात. त्या एकेका भागास फड म्हणतात. एका फडांत त्या वर्षीं एकाच जातीचें पीक घ्यावयाचें, असा नियम असतो. एका फडांत ऊस, दुसऱ्यांत गहू किंवा हरभरा, तिसऱ्यांत ज्वारी किंवा बाजरी, आणि एखादा फड विसाव्यासाठीं पडीत, अशी वांटणी होते. पुढल्या वर्षीं हीं पिकें फडाफडांतून फिरतात, त्यामुळें जमिनीसही विश्रांति मिळते. कोणत्या फडांत काय पेरावयाचें हें एकटा मालक ठरवीत नाहीं. सारे मिळून ठरवितात.

ह्या रीतींत तीन गोष्टी लक्षांत घेण्याजोग्या आहेत.

पहिली ही कीं, खातेदाराची जमीन शक्य तों निरनिराळ्या फडांत विभागलेली असते. म्हणून ऊस एकाचा व कोरडवाहू जोंधळा दुसऱ्याचा असें होत नाहीं; नफ्याच्या पिकांत व पोटाच्या पिकांत प्रत्येकाचा भाग असतो.

दुसरी ही कीं, एका फडांतील सर्व पिकांस पाण्याची गरज एकाच वेळीं लागते. त्यामुळें थोड्या पाण्यासाठीं सगळा पाट भिजवावा लागत नाहीं, वाटेंत पाणी मुरून वायां जात नाहीं, आणि ऊस एकत्र असल्यानें राखण करणेंही सोपें जातें.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्या वर्षीं पाऊस उणा होतो व नदीस पाणी थोडें असतें, त्या वर्षीं पाण्याखालचें क्षेत्र कमी करितात. शेवटच्या टोंकाच्या माणसास वगळून वरच्यांचें क्षेत्र पुरें भिजवावें, असें करीत नाहींत. एखादा फडच सोडून देतात. आणि त्या फडांत लहानमोठ्या सर्वांची जमीन असल्यानें तोटाही सर्वांस आपापल्या प्रमाणांत बसतो. टंचाई दुबळ्याच्या गळ्यांत बांधावयाची नाहीं, ती सर्वांनीं वांटून घ्यावयाची, हा ह्या पद्धतीचा प्राण होय.

४. पाटकरी

पाणी देण्याचें काम पाटकऱ्याकडे असतें. फडांतील शेतकरी आपल्या हातानें पाणी फोडून घेत नाहीं. पाटकरी क्रमानें एकेक शेत भिजवीत जातो. शेतकरी त्या रात्रीं घरीं निजला असला, परगांवीं गेला असला किंवा आजारी असला, तरी त्याचें शेत भिजतें. मालक विधवा असो कीं गांवचा पाटील असो, पाळी आली म्हणजे पाणी येतें. पिकाची राखण करण्यास जागल्या असतो. ह्या गांवकामगारांस पूर्वीं धान्याच्या रूपानें मोबदला मिळत असे.

ज्याच्या हातांत पाणी आहे त्यास आपल्या सोयऱ्यास पाणी अधिक देण्याचा मोह सहज होतो. म्हणून पाटकऱ्याच्या अंगीं दोन गुण पाहिजेत : निद्रा जिंकणें आणि तोंड पाहून न वागणें. मंडळीच्या सेवकासही हेच दोन गुण पाहिजेत. वचनाचें पाणी त्याचें स्वतःचें नव्हे. तें त्याच्या हातून फक्त वाहावयाचें आहे. ज्या घरीं चहा मिळतो तेथें आठवड्यांतून तीनदां जाणारा, आणि वस्तीच्या टोंकाच्या झोंपडींत वर्षांतून एकदां डोकावणारा उपदेशक हा वाईट पाटकरी होय.

५. पाट उपसणें

पाट एकदां खणून संपत नाहीं. दर पावसाळ्यांत गाळ भरतो, कांठ ढांसळतात, गवत व झुडुपें माजतात. म्हणून दरसाल ठरलेल्या वेळीं सर्व खातेदार जमून पाट उपसतात, आणि ज्याची जमीन अधिक त्यावर कामाचा वांटाही अधिक, हा न्याय होय. ज्यास जातां येत नाहीं त्यानें मजूर द्यावा किंवा पैसा भरावा.

येथें नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय उघडून पाहावा. यरुशलेमाचा कोट बांधतांना कोणी कोणता तुकडा बांधिला ह्याची ती याद आहे; पुष्कळ लोक ती नांवें पाहून तो अध्याय टाकून देतात. परंतु त्यांत एक बारीक गोष्ट आहे. तकोवकरांनीं आपला वांटा बांधिला, पण त्यांच्यांतील सरदारांनीं त्या कामास मान लाविली नाहीं, असें पांचव्या वचनांत लिहून ठेविलें आहे. आणि सत्ताविसाव्या वचनांत त्याच तकोवकरांनीं आणखी एक तुकडा बांधिल्याचें आहे. मोठ्यांनीं अंग काढून घेतलें तरी साध्या माणसांनीं दुहेरी काम केलें, आणि दोहोंची नोंद देवाच्या पुस्तकांत राहिली.

आतां एक अडचणीचा प्रश्न, जो आमच्या नव्या बंधूंस दरसाल पडतो. कांहीं गांवीं पाट उपसण्याच्या किंवा पाणी सोडण्याच्या दिवशीं पाण्याची पूजा करितात, नारळ फोडितात. अशा वेळीं ख्रिस्ती मनुष्यानें काय करावें? कित्येक जण पूजेचें निमित्त करून कामासच जात नाहींत. हें बरें नव्हे. त्यामुळें गांवकरी म्हणतात कीं, ह्यांचा धर्म म्हणजे अंगचोरपणा. बंधूहो, पूजा आपली नव्हे; तिच्यापासून नम्रपणें बाजूस राहावें, आणि कोणी कारण पुसल्यास सौम्यपणें सांगावें. परंतु काम आपलें आहे. फावडें घेऊन सर्वांच्या आधीं जावें, सर्वांच्या मागून परतावें, व ज्या देवानें पाऊस पाडिला त्याचे मनांत आभार मानावे. तो देव आपला सूर्य चांगल्यावाइटांवर उगवितो आणि नीतिमानावर व अनीतिमानावर पाऊस पाडितो, हें प्रभूनें मत्तय ५.४५ येथें शिकविलें आहे. ज्याचें पाणी असें सर्वांसाठीं आहे, त्याच्या लेंकरांनीं श्रम मोजून द्यावे हें शोभत नाहीं.

६. वादाचा निकाल

पाणी आहे तेथें तंटा आहे. इसहाकाच्या चाकरांनीं गरारच्या खोऱ्यांत विहीर खणली, तेव्हां तेथील गुराख्यांनीं ती आपली म्हणून भांडण केलें, दुसरी खणली, तिच्यावरूनही भांडले, इसहाक पुढें सरकला व तिसरी खणली, तेव्हां तंटा झाला नाहीं (उत्पत्ति २६.१७-२२). फडाच्या गांवीं असे तंटे पंच मिटवितात.

स्पेन देशांत व्हॅलेन्सिया नगरीं ह्याच कामाचें एक फार जुनें न्यायालय आहे. तेथील आठ पाटांच्या शेतकऱ्यांनीं निवडलेले प्रतिनिधि दर गुरुवारीं दुपारीं बारा वाजतां मुख्य ख्रिस्तमंदिराच्या प्रेषितांच्या नांवाच्या दाराशीं बसतात. वकील नाहीं, कागद नाहीं. वादी व प्रतिवादी तोंडानें बोलतात, आणि निकाल तेथल्या तेथें होतो. २००९ सालीं युनेस्को संस्थेनें ह्या न्यायालयाची गणना मनुष्यजातीच्या वारशांत केली. स्पॅनिश लोकांबरोबर ही रीति समुद्रापलीकडेही गेली. अमेरिकेंतील न्यू मेक्सिको प्रांतीं शेतकरी अद्याप वसंत ऋतूंत मिळून पाट उपसतात व आपल्यांतून एकास पाण्याचा कारभारी निवडितात. ह्यावरून दिसतें कीं, पाट जेथें जेथें आहे तेथें तेथें लोकांस एकत्र बसणें, बोलणें व ऐकणें भाग पडतें. पाणी शेत भिजवितेंच. तें गांवासही बांधून ठेवितें.

७. ह्या व्यवस्थेची उणीव

एथवर आपण पाटाचे गुण पाहिले. परंतु सत्याच्या लेंकरांनीं एकच बाजू सांगूं नये. पाण्याचा वांटा जमिनीबरोबर जात असे. ज्यास जमीन नव्हती त्यानें मजुरीनें पाट उपसला तरी त्या पाण्यावर त्याचा हक्क नव्हता. आणि आपल्यापैकीं पुष्कळांच्या आज्यापणज्यांस तर शेतास पाणी दूरच, पिण्यास पाणीही गांवच्या विहिरीवरून हातानें घेतां येत नसे. विहिरीपासून अंतरावर उभें राहून कोणी दयेनें घागरींत ओतील तेव्हां घरीं जावयाचें, ही त्यांची पाळी होती. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्या पुढारपणाखालीं लोकांनीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी घेतलें. त्यावरून चाललेल्या दाव्याचा निकाल मुंबईच्या हायकोर्टानें १९३७ सालीं त्यांच्या बाजूनें दिला. तळें सार्वजनिक होतें, तरी त्यांतील ओंजळभर पाण्याच्या हक्कासाठीं दहा वर्षें लागलीं.

म्हणून गांवांत जुनी एकी होती, असें कोणी म्हणूं लागला म्हणजे आपण पुसावें कीं, त्या एकींत कोण होते व बाहेर कोण होते.

ही उणीव भरून काढण्याचा एक प्रयत्न पुणें जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यांत झाला. १९७२ सालच्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे ह्यांनीं नायगांव येथें काम आरंभिलें. त्यांतून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम असे : पाण्याचा वांटा जमिनीवर नव्हे, घरांतील माणसांच्या संख्येवर द्यावयाचा, भूमिहीनासही वांटा द्यावयाचा, आणि उसासारखें फार पाणी पिणारें पीक घ्यावयाचें नाहीं. फडानें टंचाई वांटून घेण्यास शिकविलें. पाणी पंचायतीनें एक पाऊल पुढें टाकून माणूस मोजावा, जमीन मोजूं नये, हें शिकविलें.

८. फड कां मोडले

कांहीं गांवीं फड अद्याप चालू आहेत. परंतु पुष्कळ ठिकाणीं ते मोडकळीस आले. ह्याचीं कारणें अनेक आहेत. नद्यांवर वरच्या अंगास मोठीं धरणें झालीं, त्यामुळें बंधाऱ्यांस पूर्वींसारखें वाहतें पाणी मिळेनासें झालें. इंजिन व पुढें विजेचे पंप आले. ज्यास ऐपत होती त्यानें स्वतःची विहीर खणली, आणि पाळीची वाट पाहण्याची गरज त्यास उरली नाहीं. विहीर झाली म्हणजे मनास येईल तें पीक घेतां येतें. मग फडाचा नियम कोण पाळणार? आणि ज्याचें पाटावांचून अडत नाहीं तो पाट उपसण्यास येत नाहीं. असा एकेक माणूस निघून गेला, गाळ सांचला, आणि टोंकाच्या गरिबाचें शेत आधीं सुकलें.

हें लक्षांत ठेवा, कीं पाट कोणी शत्रूनें येऊन फोडला नाहीं. ज्यांस त्याची गरज उरली नाहीं अशांनीं तो सोडला.

सरकारनेंही पुढें ही गोष्ट ओळखिली. १८७९ सालच्या मुंबई इलाख्याच्या पाटबंधारे कायद्यानें पाण्याचा कारभार सरकारी अंमलदारांकडे नेला होता. २००५ सालच्या महाराष्ट्राच्या कायद्यानें कालव्यांचा कारभार शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे देण्याची तरतूद केली. ह्या संस्थांच्या संचालकांत पाटाच्या मुखाचे, मधल्या व शेवटच्या अशा तिन्ही भागांतील लोकांस सारखें स्थान आहे. नाशिक जिल्ह्यांत वाघाड धरणाच्या कालव्यावर, ओझर व आसपासच्या गांवीं, शेतकऱ्यांनीं त्याच्याही आधीं, १९९० नंतरच्या काळांत, अशा संस्था चालवून दाखविल्या आहेत.

९. मंडळीनें काय करावें

यहेज्केल संदेष्ट्यानें मेंढरांच्या कळपास उद्देशून एक कठोर गोष्ट सांगितली आहे. धष्टपुष्ट मेंढरें निर्मळ पाणी पितात, तें पुरें नाहीं म्हणून उरलेलें पायांनीं गढूळ करितात, आणि दुबळ्यांस तेंच प्यावें लागतें. त्यांचा न्याय मी स्वतः करीन, असें परमेश्वर म्हणतो. हें परराष्ट्रांविषयीं बोललेलें नाहीं. देवाच्या स्वतःच्या कळपाविषयीं बोललेलें आहे. म्हणून आपण आपल्या मंडळीची परीक्षा करावी.

पहिलें. मंडळींतही पाटाचें मुख व पाटाचें शेवट असतें. जीं घराणीं आधीं ख्रिस्ती झालीं, ज्यांचीं मुलें शिकून नोकरीस लागलीं, तीं मुखाशीं बसलीं आहेत. वसतिगृहांतील जागा, मंडळींतील पदें, शहरांतील मदत हें सर्व त्यांच्या शेतावरून आधीं जातें. शेवटच्या वस्तीपर्यंत कितीसें पोंहोंचतें? पूर्वींच्या जातीवरून जर आपण पंगतींत, सोयरिकींत किंवा प्रभुभोजनाच्या वेळीं अंतर राखीत असूं, तर ज्या विहिरीवरून आपले आजे हाकलले गेले, तीच विहीर आपण देवळांत पुन्हां खणली आहे.

दुसरें. टंचाई येईल तेव्हां ती वांटून घ्यावी. मंडळीच्या फंडांत पैसा उणा पडला म्हणजे प्रथम कोणाची मदत बंद होते, विधवेची कीं समारंभाची, हें पाहावें. एका अवयवास दुःख झालें तर सर्वांस होतें, हा पौलाचा नियम फडाच्या नियमासारखाच आहे. परंतु फडांत ज्याची जमीन होती तोच अवयव होता. ख्रिस्ताच्या शरीरांत भूमिहीनही अवयव आहे.

तिसरें. ज्यांस गरज उरली नाहीं त्यांनीं पाट सोडूं नये. जो आतां घरीं बसून पवित्र शास्त्र वाचूं शकतो, ज्याच्या घरीं गाडी आहे व जो शहरांतील मोठ्या मंडळींत जाऊं शकतो, त्यानें गांवची लहान मंडळी सोडिली तर गाळ कोण काढील? स्वतःची विहीर असणें पाप नव्हे. विहीर झाली म्हणून शेजाऱ्याचा पाट बुजूं देणें हें पाप आहे.

चौथें. गांवच्या पाण्याच्या कामांत पुढें व्हावें. पाणीवापर संस्थेच्या सभेस जावें, पाणीपट्टी वेळेवर भरावी, रात्रीं चोरून चारी फोडूं नये, फवारणीच्या औषधांचे डबे पाटांत धुऊं नयेत. ज्यास जमीन नाहीं त्यानेंही ग्रामसभेंत पिण्याच्या पाण्याविषयीं निर्भयपणें बोलावें; आणि तो बोलूं लागला म्हणजे जमीनवाल्या ख्रिस्ती भावानें गप्प न बसतां त्याच्या शेजारीं उभें राहावें.

सभेंत विचारण्यासाठीं प्रश्न

१. पहिल्या स्तोत्रांतील झाड आपोआप उगवलें कीं लाविलेलें आहे? ह्यावरून आपल्या विश्वासाविषयीं काय समजतें?
२. टंचाईच्या वर्षीं फडाच्या गांवीं काय करितात? आपल्या घरीं व मंडळींत काय करितों?
३. तकोवकरांच्या सरदारांसारखे आपण कोणत्या कामांत अंग काढून घेतों?
४. आपल्या मंडळींत पाटाच्या शेवटीं कोण आहे? येत्या आठवड्यांत त्याच्याकडे कोण जाईल? नांव ठरवूनच सभा संपवावी.

प्रार्थनेचे विषय : वेळेवर पाऊस पडावा, आपल्या गांवच्या पाणीवांटपांत न्याय असावा, ज्या बंधूंमध्यें पाण्यावरून अबोला आहे त्यांचा समेट व्हावा, आणि दूरच्या वस्त्यांवर एकटे काम करणाऱ्या उपदेशकांस बळ मिळावें.